कथा-कादंबऱ्यांचं कपाट: देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयाचं प्रकरण

देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सर्वांत लहान श्रेणीचं, शासनमान्य सार्वजनिक वाचनालय आहे. एक लांबट खोली, पुढे कौलारू पडवी, आत लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांसाठी टेबल आणि दोन बाक. संध्याकाळी तीन तास ते उघडं असतं. गावातली बरीच घरं मुंबईच्या पगारावर उभी राहिलेली आहेत. त्यामुळे मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचा शब्द गावच्या कामांत चालतो.

या मंडळाने वाचनालयाच्या कार्यकारिणीला एक प्रस्ताव पाठवला. खोलीत स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका करा. टेबलं, खुर्च्या, पंखे, इन्व्हर्टर आणि परीक्षांच्या पुस्तकांचे संच, सगळा खर्च आम्ही करतो. अट एकच. खोलीत जागा व्हायला हवी, म्हणून कथा-कादंबऱ्यांची तीन कपाटं तिथून हलवायची. हलवायची म्हणजे शाळेच्या बंद पडलेल्या वर्गखोलीत ठेवायची. त्या खोलीचं छप्पर पावसात ठिकठिकाणी गळतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

सभेत दोन तट पडले आणि निर्णय पुढे ढकलला गेला. सिंधुदुर्गातल्या लहान वाचनालयांच्या कामात माझं येणं-जाणं असतं, म्हणून अध्यक्षांनी मला बोलावलं. दप्तर बघा, लोकांशी बोला आणि काय करावं ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही.

माझा कल लपवण्यात अर्थ नाही. फावल्या वेळात केवळ गोडी लागली म्हणून पुस्तक वाचणं ही माणसाची खरी गरज आहे असं मी मानतो. त्यातून नोकरी लागत नाही, पुण्यही मिळत नाही, आणि तरीही त्याच्यासाठी गावाने एक खोली राखावी असं मला मनापासून वाटतं. पण अभ्यासिकेची मागणी मी खोटी ठरवणार नव्हतो. तिच्यापासूनच सुरुवात केली.

अभ्यासिका कुणाला हवी होती

२०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची साक्षरता ८५ टक्क्यांहून जास्त होती. त्याच जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २००१च्या तुलनेत घटलेली दिसते: ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. शेजारच्या रत्नागिरीतही घटच झाली. शिकलेली मुलं गावात राहत नाहीत, आणि राहायचं तर सरकारी नोकरीशिवाय वाट दिसत नाही. २०२३च्या तलाठी भरतीला राज्यभरात साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले होते. अशा रांगेत उभ्या असलेल्या मुलीला शांत खोली हवी असते.

बारावी झालेली, पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी मला म्हणाली, “घरात अभ्यासाक बसलंय की पाणी भर, भांडी घास, सुरूच. भावाक कोण हाक मारणा नाय.” तिची मागणी न्याय्य होती, आणि मुंबईच्या मंडळातल्या लोकांनीही ती कळकळीने उचलली होती. त्यांच्यातले कितीतरी जण स्वतः चाळीच्या गॅलरीत, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून वर आलेले. गावच्या मुलांना टेबल-खुर्ची मिळावी ही त्यांची इच्छा मला आदराची वाटते.

प्रश्न अटीचा होता. अभ्यासिका हवी हे समजलं. त्यासाठी गोष्टींची पुस्तकंच का हलवायची? इतिहास-चरित्राचं कपाट का नाही? धार्मिक पुस्तकांचं का नाही? सभेच्या इतिवृत्तात याचं उत्तर एका ओळीत होतं: “वाचनीय परंतु अनावश्यक पुस्तके अन्यत्र ठेवावीत.” एका सदस्याने तर मला सरळ सांगितलं की परीक्षेच्या पुस्तकांशेजारी कादंबऱ्या असल्या तर मुलांचं लक्ष उडेल. जागेची अडचण होतीच, पण तिच्यामागे गोष्टींची पुस्तकं म्हणजे मुलांना बिघडवणारी वस्तू ही समजूतही होती.

देवघेव रजिस्टर काय सांगत होतं

मी दोन संध्याकाळी ग्रंथपालबाईंबरोबर देवघेवीचं रजिस्टर घेऊन बसलो. त्या गावातल्याच, अर्धवेळ आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या. वाचनालयाला मिळणारं अनुदान हप्त्यांनी येतं. त्यातला मोठा भाग वेतनात जातो, उरलेल्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि डागडुजी भागवायची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली आला आणि त्यानेच ही गावोगावची वाचनालयं उभी राहिली. त्यांचा श्वास आजही या हप्त्यांवर चालतो.

रजिस्टरमध्ये पहिली गोष्ट दिसली ती अशी: जी तीन कपाटं अनावश्यक ठरली होती, जवळजवळ सगळी देवघेव त्यांच्यातूनच होत होती. ग्रामीण कादंबऱ्या, रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दिवाळी अंक. चरित्रांचं कपाट पंधरा ऑगस्टच्या भाषणांआधी उघडायचं, नंतर बंद. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेल्या संचांपैकी काही पुस्तकांची पानंही कुणी उलटलेली नव्हती.

दुसरी गोष्ट ऋतूंची. मार्च ते मे देवघेव जवळपास थांबलेली, कारण आंबा. झाडावरून उतरवणं, निवडणं, पेट्या भरणं, सगळं घर त्यात. जुलैत लावणीने पुन्हा खंड. श्रावणात आकडा वर चढतो, गणपतीत एकदम खाली येतो, दिवाळीनंतर पुन्हा वर. बंदरावरच्या घरांचा हिशोब वेगळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. ते दोन महिने पुरुष घरी असतात आणि बायकांच्या नावावरची पुस्तकं कमी होतात. पुरुष घरी असले की बायकांचं काम वाढतं, हे रजिस्टर बोलून दाखवत नाही, पण रकान्यात ते स्पष्ट दिसतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका सभासद वहिनींच्या नावावर इतकी पुस्तकं जात होती की एकट्या माणसाला वाचून होणं कठीण. ग्रंथपालबाई हसून म्हणाल्या, “त्यांच्या घराक जावन बघा.”

माणसं काय म्हणाली

वहिनी काजूच्या लहान कारखान्यात गर सोलायला जातात. घरी सासू, दोन मुलं, नवरा ट्रॉलरवर. एका कार्डावर त्या पुस्तकं आणतात आणि ती वाडीतल्या पाच-सहा घरांत फिरतात. वर्गणी एकीची, वाचणाऱ्या अनेक. अनामत भरायला प्रत्येकीला घरात विचारावं लागलं असतं, म्हणून ही तोड काढलेली. रजिस्टरमध्ये एक वाचक दिसतो तिथे प्रत्यक्षात अर्धी वाडी आहे. वाचनालयाच्या वार्षिक अहवालात ही माणसं कुठेच येत नाहीत, आणि मग “हल्ली कोण वाचतं” हे वाक्य सभेत कुणीही बोलू शकतं.

मी विचारलं, वाचता कधी? त्या म्हणाल्या, “जेवणां आटापली की घटकाभर. पण कोण इलां की पुस्तक उशीखाली सारतंय.”

त्यांच्या सासूबाई पडवीत सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी जे सांगितलं ते या प्रकरणातलं माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचं वाक्य आहे. “तासभर गजाली मारल्यान तर माझां काय म्हणणां नाय. पण पुस्तक घेतल्यान की ती घरात असान नसल्यासारखी.”

बोटीचे तांडेल, म्हणजे प्रमुख खलाशी, पन्नाशीचे, जाळं शिवत होते. “पेपर वाचतंय मी रोज. गोष्टी वाचून काय करतलंय? त्या पोरांसाठी.” शेजारी बसलेल्या दोघांनी मान डोलावली. आठवीतल्या पोरांना विचारलं तर ती म्हणाली, गोष्टी लहान मुलांसाठी. सहावीतला एकजण मात्र ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी येऊन कुजबुजत विचारत होता, “भुताचां पुस्तक असा?” कुजबुजत का, तर बाहेर पडवीत गुरुजी पेपर वाचत बसले होते.

निवृत्त गुरुजींची बाजूही नोंदवायला हवी. ते स्वतः भरपूर वाचतात. पण ‘सद्ग्रंथ’ आणि बाकीचं, असे दोन भाग त्यांच्या मनात पक्के आहेत. मुलांनी रहस्यकथा वाचण्यापेक्षा न वाचलेलं बरं, असं ते मला शांतपणे म्हणाले. वाचनालयाच्या भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी त्यांनीच लावलेली. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो तेव्हा ते शाळेत भाषण देतात. भाषणात वाचनाने माणूस किती मोठा होतो हे येतं. वाचताना किती मजा येते हे येत नाही.

आणि दशावतारातले एक कलाकार. जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि पावसाआधी संपतो. पावसाळ्यात ते मोकळे असतात आणि तेव्हा वाचनालयातून पुस्तकं नेतात. पौराणिक तर नेतातच, पण ऐतिहासिक कादंबऱ्याही. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद रंगमंचावर त्या क्षणी सुचायचे. समोरचा नट काय फेकेल ते माहीत नसतं, म्हणून शब्दांचा साठा जवळ असावा लागतो. “राजाचो पार्ट करूचो तर राजासारख्या बोलूक होया. ता पुस्तकात गावता,” ते म्हणाले. मग लगेच पुढे, “पण माझां वाचन म्हंजे मजा न्हय हां, अभ्यास तो.”

मी त्यांना विचारलं, मागच्या पावसात नेलेली ती तीन भागांची कादंबरी कुठल्या नाटकात उपयोगी पडली? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “ती नाय पडली. ती सोडवणाच नाय.”

आळसाचा आक्षेप नव्हता

या सगळ्या बोलण्यानंतर माझं मत ठरलं. वाचनाविषयीच्या लेखांत नेहमी म्हटलं जातं की लोकांना वेळ नाही, मोबाइलने वेळ खाल्ला, श्रमाच्या संस्कृतीत रिकामं बसणं पाप समजतात. या गावात यातलं शेवटचं कारण खरं नाही. कोकणात रिकामं बसायला कुणाची ना नाही. तिन्हीसांजेला पडवीत गजाली रंगतात त्या दिवेलागण उलटून गेली तरी चालतात. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, रात्र जागवली जाते. पत्त्यांचे डाव, क्रिकेटचे सामने, बंदरावर उगाच बसणं, हे सगळं राजमान्य आहे. सासूबाईंची तक्रार सूनबाई काम सोडून बसते ही नव्हती. ती सगळ्यांना सोडून बसते, ही होती.

पुस्तक हे एकट्याने घ्यायचं सुख आहे आणि या घरांची रचना, कामाची आणि विसाव्याची, एकटेपणासाठी केलेलीच नाही. पुरुषाने पेपर उघडला तर चालतो, कारण पेपर मोठ्याने वाचून त्यावर बोलता येतं, पुन्हा तो बाहेर चारचौघांत वाचला जातो. मुलाने अभ्यासाचं पुस्तक उघडलं तर त्याचं एकटं बसणं घराच्या हिताचं ठरतं. कलाकाराने वाचलं तर तो धंदा. कादंबरी घेऊन बसलेल्या बाईच्या एकटं बसण्याला मात्र कुठलंही कारण लावता येत नाही. म्हणून ते पुस्तक उशीखाली जातं.

२००९च्या राष्ट्रीय युवा वाचक सर्वेक्षणात देशातल्या साक्षर तरुणांपैकी साधारण पाव हिस्सा अभ्यासाबाहेरची पुस्तकं वाचणारा निघाला होता. या गावातला अनुभव धरून मला वाटतं की अशा मोजणीत उशीखालची पुस्तकं मोजली जाणं अवघड आहे. ज्या कामाची लाज वाटते ते माणूस प्रश्नावलीत लिहीत नाही.

दुसरीकडे, मराठीत नुसत्या करमणुकीसाठी वाचायला मान मिळालेला आहे, आणि तो काही कालपरवाचा नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाबरोबर गोष्टी वाचायची रीत पडली. चाकरमानी दिवाळीत गावी येताना अंक घेऊन यायचे आणि ते शिमग्यापर्यंत वाडीत फिरायचे. कोकणात तर वाचनालयांची परंपरा त्याहून जुनी. रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, सावंतवाडीचं १८५२चं, चिपळूणचं १८६४चं. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, आणि पोंभुर्ल्याची पुस्तकांचं गाव म्हणून निवडही झाली आहे. पण ही सगळी कीर्ती शहरांच्या आणि थोर माणसांच्या नावावर जमा आहे. काजू सोलणाऱ्या बाईपर्यंत ती पोचायची तर मध्ये काहीतरी हवं.

ते मध्ये असलेलं काहीतरी गावात होतंच. श्रावणातली पोथी. हरिविजय किंवा पांडवप्रताप लावायचा, एकाने चालीत ओव्या वाचायच्या, एखाद्या जाणत्याने अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं. श्रीधरांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या या ग्रंथांना कोकणातल्या कितीतरी पिढ्यांनी कानांनी वाचलं आहे. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनाही कृष्णाच्या खोड्या पाठ असायच्या. पोथी ऐकताना बायका हसतात, रडतात, पुढे काय होणार म्हणून दुसऱ्या दिवशी वेळेआधी येतात. याला पुण्य म्हणतात, आणि ते असेलही, पण ज्याने एकदा त्या मंडळीत बसून पाहिलं आहे त्याला तिथली गोडी गोष्टीची आहे हे कळल्याशिवाय राहत नाही.

कुलूप

एक अडचण कुणीच बोलून दाखवली नव्हती. कपाटांना कुलपं होती आणि किल्ल्यांचा जुडगा ग्रंथपालबाईंच्या कमरेला. पुस्तक हवं तर त्याचं नाव सांगायचं, मग त्या उघडून देणार. ज्याला नाव माहीत नाही, ज्याला नुसतं चाळून बघायचं आहे, तो परत जातो. वहिनींना नावं माहीत होती. सहावीतल्या पोराला नव्हती.

कुलपाचं कारण बाईंनी सांगितलं. तपासणी येते, दाखल नोंदवहीशी पुस्तकं पडताळली जातात, आणि कमी भरलं तर ते आपल्याला भरावं लागेल ही भीती. शिवाय हवा. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात जून ते सप्टेंबर कागद ओला राहतो, बुरशी धरतो, भिंतीला लागलेल्या कपाटात वाळवी चढते. त्या डांबरगोळ्या घालतात, कडुनिंबाचा पाला ठेवतात, ऑक्टोबरच्या उन्हात पडवीत पुस्तकं पसरतात. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणच्या वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजले, ते त्यांनी बातम्यांत बघितलं होतं आणि त्या बोलताना डोळे पुसत होत्या. पुस्तकांवर इतकी माया असलेली बाई पुस्तकं कुलपात ठेवते, कारण यंत्रणेने तिला वाचक वाढवल्याबद्दल कधी विचारलं नाही, गहाळ पुस्तकाबद्दल मात्र विचारलं. या बाबतीत माझा राग तिच्यावर तिळमात्र नव्हता. वाचकाला स्वतःच्या हाताने पुस्तक निवडू द्यावं हे ग्रंथालयशास्त्राचं जुनं तत्त्व आहे, पण जबाबदारी एकट्या ग्रंथपालावर टाकून ते तत्त्व पाळलं जाणार नाही.

आणि एक साधी गोष्ट: दमट बंद कपाटातल्या पुस्तकापेक्षा हाताळलं जाणारं पुस्तक जास्त टिकतं. त्याला वारा लागतो. रजिस्टरमध्ये वारंवार बाहेर गेलेली पुस्तकं फाटलेली होती, पण बुरशी एकावरही नव्हती.

काय ठरलं

मी कार्यकारिणीपुढे मांडलं ते असं. खोली चोवीस तासांतले एकवीस तास बंद असते. अभ्यासिकेला जागेपेक्षा वेळेची गरज आहे. सकाळी सहा ते बारा आणि रात्री आठनंतर अभ्यासिका चालवा, संध्याकाळी वाचनालय. टेबलं दोघांनाही चालतील. कपाटं मागच्या भिंतीला, पण भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे ओल लागणार नाही. कुलपं काढा. जीर्ण आणि गहाळ पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून ती कमी करणं, दरवर्षी ठरावाने करा, म्हणजे भार समितीवर राहील, बाईंवर नाही.

विरोध झाला तो कुलपांवर आणि कपाटं आत ठेवण्यावर. लक्ष उडण्याचा मुद्दा पुन्हा आला. उत्तर मी द्यायच्या आत पोलीस भरतीची तयारी करणारी ती मुलगी, जी सभेला मागे उभी होती, म्हणाली, “सर, सहा तास गणितां सोडवल्यावर मी मोबाइलच बघतंय. त्यापरीस पुस्तक बघीन.” सभेत यावर कुणी काही बोललं नाही, पण गुरुजींनी कुलपाचा विरोध मागे घेतला. त्यांनी एक अट घातली: काही पुस्तकं मोठ्यांसाठी म्हणून वरच्या फळीवर राहावीत. ती मला रास्त वाटली.

मंडळाचं मुंबईहून उत्तर यायला वेळ लागला. तिथेही दोन मतं होती. शेवटी एका ज्येष्ठांनी, ज्यांच्या आईला वाचता येत नव्हतं आणि जिच्यासाठी ते लहानपणी दिवाळी अंकातल्या गोष्टी मोठ्याने वाचायचे, अट सोडायला लावली. पैसे आले.

श्रावणातला प्रयोग मात्र समितीचा नव्हता. तो वहिनींनी आणि ग्रंथपालबाईंनी केला. देवळात पोथीचा अध्याय संपला की पुढे एक गोष्ट वाचायची असं त्यांनी सुचवलं, तेव्हा देवळात पोथीशिवाय दुसरं वाचू नये असं काहींचं म्हणणं पडलं. त्यांनी वाद घातला नाही. अध्याय देवळात, मग सगळ्या जणी उठून एका घराच्या पडवीत. तिथे एक कॉलेजातली मुलगी ग्रामीण कादंबरीतलं एकेक प्रकरण वाचायची. अर्थ सांगायची गरज नव्हती, पण पोथीची सवय असल्याने मध्येच कुणीतरी “म्हंजे काय गो?” विचारायची आणि दहा मिनिटं गजाली व्हायच्या. नायकाने चूक केली का, त्याच्या आईने काय करायला हवं होतं, आपल्या वाडीत असं कुणाच्या बाबतीत झालं होतं. सासूबाई तिसऱ्या दिवसापासून येऊ लागल्या. प्रकरण मध्येच थांबवलं की त्या मुलीवर चिडायच्या.

वर्षानंतर

मी सगळं सुरळीत झालं असं लिहिणार नाही.

अभ्यासिका चालते, आणि तिथे मुलांपेक्षा मुली जास्त येतात. त्यांच्यातल्या काही जणी जाताना गोष्टीचं पुस्तक नेतात. उघड्या कपाटांतून काही पुस्तकं गेली, काही महिन्यांनी त्यातली काही परत आली. उरलेल्यांचा ठराव झाला. सभासद वाढले ते मुख्यतः बायका, कारण वर्षाची वर्गणी आता दोन हप्त्यांत घेतात आणि अनामत माफ आहे. एका कार्डावर फिरणारी पुस्तकं अजूनही फिरतात. ती तशीच फिरू द्यावीत असं मी समितीला सांगितलं आहे. मागच्या पानावर वाचणाऱ्यांनी नुसती एक रेघ मारायची, म्हणजे अहवालात त्या येतील.

पुरुषांच्या बाबतीत फारसं काही हललं नाही. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत जाळी शिवायच्या छपरात मोठ्याने वाचून बघावं अशी कल्पना होती. दोन दिवस झालं, मग तिथे फोनवर सामने लागले. तांडेल अजून पेपर वाचतात. दशावतारातले कलाकार मात्र त्यांच्या नकळत या कामाला लागले आहेत: एका संध्याकाळी त्यांनी पोरांना ऐतिहासिक कादंबरीतलं एक प्रकरण पार्ट केल्यासारखं वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकासाठी पोरांत भांडण लागलं. हे वारंवार करायला हवं, पण हंगाम सुरू झाला की ते गावात नसतात.

आठवी ते बारावीच्या मुलग्यांचं काय करावं हे कुणालाच सुचलेलं नाही. गोष्टी लहान मुलांसाठी, हे त्यांचं म्हणणं कायम आहे.

आणि वहिनी. मी गेल्या पावसाळ्यात त्यांना भेटलो तेव्हा वाटलं होतं त्या खूश असतील. होत्याही. पुस्तक आता उशीखाली जात नाही, ते उघड्यावर असतं. पण त्या म्हणाल्या, “आता सगळ्यांका वाचून दाखवतंय. माझां माका वाचूचा रवता.” सासूबाई पुस्तक बघितलं की समोर येऊन बसतात, मोठ्याने वाच म्हणतात. वाचन घराला मान्य झालं ते सोबतीचं म्हणून. वहिनींना जे हवं होतं ते एकटीचं होतं, आणि ते अजून मान्य झालेलं नाही. मोठ्याने वाचणं हे चांगलंच झालं, पण त्यावर थांबणं मला पटत नाही. तासभर कुणालाही न सापडता एका पुस्तकात असणं हा त्या बाईचा हक्क आहे, आणि घरात तो मिळत नसेल तर गावाने तो दिला पाहिजे.

म्हणून समितीपुढे आता दुसरा प्रस्ताव आहे. आठवड्यातल्या दोन दुपारी, दोन ते चार, खोली फक्त बायकांसाठी उघडी ठेवायची. मोठ्याने वाचायचं नाही, अभ्यासही चालणार नाही. काजूच्या कारखान्याला बुधवारी सुट्टी असते, म्हणून एक दुपार बुधवारची ठरली. दुसरी ठरायची आहे. ग्रंथपालबाईंच्या त्या चार जादा तासांचं मानधन अनुदानात बसत नाही, म्हणून मंडळाला पत्र गेलं आहे. मसुदा गुरुजींनी लिहिला. त्यात कारण म्हणून त्यांनी ‘महिलांचा बौद्धिक विकास’ असं लिहिलं होतं. वहिनींनी ते वाचून त्यांना एवढंच सांगितलं की गुरुजी, तसा नको, ‘वाचूक बसण्यासाठी’ असां लिहा. गुरुजींनी खोडून तसं लिहिलं.